एकाच घरातली दोन भावंडं: एक वाचतं, दुसरं नाही. असं का?

रेवाक्षर

एकाच घरात वाढलेली दोन भावंडं घ्या. पुस्तकांचं कपाट तेच, शाळा तीच, टीव्ही तोच, मोबाईलही साधारण एकाच वयात हातात आलेला. एक जन्मभर वाचत राहतं. दुसरं शेवटची परीक्षा झाली की पुस्तक मिटतं, ते पुन्हा उघडत नाही. वाचता दोघांनाही येतं. मग फरक पडतो कुठे?

हा प्रश्न बरेच दिवस डोक्यात आहे, म्हणून त्यावरचं संशोधन मिळेल तसं वाचत गेले. प्रश्न एकच, पण प्रत्येक शास्त्राने त्याचा वेगळाच तुकडा उचललाय. मेंदूचे अभ्यासक अक्षर ओळखताना आत काय घडतं ते बघतात. मानसशास्त्रज्ञ आकलन आणि ओढ मोजतात. समाजशास्त्रज्ञ घरात किती पुस्तकं आणि आईवडील किती शिकलेले हे विचारतात. साहित्याचे लोक म्हणतात, वाचणारा त्या मजकुराचं मनात काय करतो ते सांगा. माध्यमांचे अभ्यासक स्क्रीनसमोरच्या तासांचा हिशोब ठेवतात. या सगळ्यांना एकत्र आणायचा एक मोठा प्रयत्न जर्मनीत झाला. नॉर्बर्ट ग्रोएबेन मानसशास्त्राचे, बेटिना हुरेलमन साहित्य आणि भाषाशिक्षणाच्या. माध्यमांनी गजबजलेल्या समाजात वाचक कसे घडतात, यावर दोघांनी संपादित केलेला संशोधनाचा आढावा २००४ साली आला. हुरेलमन यांची एक मांडणी मला फार पटली. त्या म्हणतात, वाचनक्षमतेत आकलन तर आहेच, पण ओढ आहे, भावना आहे, चिंतन आहे आणि पाचवी गोष्ट म्हणजे वाचून झाल्यावर त्याबद्दल दुसऱ्याशी बोलता येणं. हे पाचवं आपल्या चर्चांत येतच नाही.

माझं मत: मोबाईल काढून घेतल्याने कोणी वाचक होत नाही. वाचलेल्याबद्दल बोलायला कोणी मिळालं तर होतो. तुमच्या घरात कोण वाचक झालं, कोण नाही झालं, आणि तुम्हाला त्याचं कारण काय वाटतं?

चष्मेबहाद्दर

वाखुसा (वाचनखूण साठवली). निवांत लिहितो.

धूमकेतू

धागा आवडला, निष्कर्ष नाही. मोबाईलला एवढ्या सहजी सोडू नका.

कॅनडातल्या एका गावात १९७३ पर्यंत टीव्ही दिसतच नव्हता. संशोधकांनी त्या गावाला 'नोटेल' असं टोपणनाव दिलं. टॅनिस मॅकबेथ विल्यम्स यांच्या गटाने टीव्ही यायच्या आधी आणि आल्यावर दोन वर्षांनी तिथल्या मुलांची पाहणी केली. आधी तिथली लहान इयत्तांतली मुलं, टीव्ही असलेल्या तशाच गावांतल्या मुलांपेक्षा सफाईने वाचत होती. नंतर ती आघाडी बरीचशी ओसरली. गाव तेच, माणसं तीच, टीव्ही तेवढा नवा.

नेदरलँड्समध्ये कोल्स्ट्रा आणि फान डर फोर्ट यांनी शाळकरी मुलांचा काही वर्षं माग घेतला (१९९६). टीव्हीमुळे मुलांचं फावल्या वेळचं वाचन दोन वाटांनी घटत होतं. एक तर वाचन नकोसं वाटू लागायचं, आणि दुसरं म्हणजे पुस्तकावर लक्ष टिकायचं नाही. आता तर टीव्ही खिशात आहे. ग्लोरिया मार्क या लोक एका स्क्रीनवर सलग किती वेळ लक्ष ठेवतात ते मोजत आल्या आहेत. २००४ च्या सुमारास ते सरासरी अडीच मिनिटं होतं, अलीकडच्या मोजणीत साधारण ४७ सेकंद.

वाचलेल्याबद्दल बोलायला माणूस हवा हे खरं. पण बोलण्याइतकं वाचून तरी व्हायला हवं ना?

पानोपानी

धूमकेतू +१. शेवटची ओळ नेमकी.

न्यूरॉनवाली

@धूमकेतू, लक्षाचा मुद्दा मान्य. पण त्याच्याही आधीची एक गोष्ट सांगते. बोलणं मूल आपोआप उचलतं, वाचन नाही. लिपी जेमतेम पाच हजार वर्षांची. तेवढ्या काळात वाचनासाठी मेंदूत वेगळी सोय उत्क्रांत होणं शक्यच नव्हतं. मेंदूचे अभ्यासक स्तानिस्लास दहेन यांचं म्हणणं असं, की वस्तू आणि चेहरे ओळखणारी जी यंत्रणा आहे तिचाच एक भाग आपण अक्षरांच्या कामाला लावतो. २०१० साली त्यांच्या गटाने ब्राझील आणि पोर्तुगालमधली निरक्षर, मोठेपणी साक्षर झालेली आणि लहानपणीच शाळेत शिकलेली माणसं यांचे मेंदू ताडून पाहिले. मोठेपणी शिकलेल्यांतही बदल ठळक होते. २०१७ मध्ये उत्तर भारतातल्या निरक्षर प्रौढांना सहा महिने देवनागरी शिकवून केलेला अभ्यास आला. त्यात बदल मेंदूच्या वरच्या थरापुरते थांबले नव्हते, खोलवरच्या थॅलॅमस आणि मेंदूस्तंभापर्यंत पोचले होते. तेव्हा 'आता वय गेलं' असं कोणी म्हणू नये.

आता भावंडांबद्दल. एल्सये फान बेर्गेन आणि सहकाऱ्यांनी नेदरलँड्समधल्या सात-साडेसात वर्षांच्या ११ हजारांहून जास्त जुळ्या मुलांचा अभ्यास केला (२०१८). जुळ्यांमुळे कशातून काय होतं याची दिशा तपासता येते. जास्त वाचतात म्हणून चांगलं वाचतात, की चांगलं वाचता येतं म्हणून जास्त वाचतात? त्या वयात यातलं दुसरं उत्तर खरं निघालं. रेवाक्षर, तुमच्या प्रश्नातल्या दुसऱ्या भावंडाला सातव्या वर्षी वाचताना नुसते कष्ट पडत असतील, आणि पास होत गेल्यामुळे ते कोणाच्या लक्षातही आलं नसेल.

फळाखडू

वर्गात मी हेच बघते. अडखळणारं मूल वाचन टाळतं, टाळल्यामुळे सराव होत नाही, आणि दरी वाढत जाते. कीथ स्टॅनोविच यांनी १९८६ साली याला मॅथ्यू परिणाम म्हटलं, ज्याच्याकडे आहे त्यालाच आणखी मिळतं. त्यात आपल्यासारख्या लिप्यांना जास्त वेळ लागतो. सोनाली नाग यांनी कन्नड मुलांचा अभ्यास केला, त्यात सगळी अक्षरं, मात्रा, जोडाक्षरं हाताखालची व्हायला चौथी-पाचवी उजाडते असं दिसलं. आणि आपण दुसरीतल्या मुलाला म्हणतो, 'अजून येत नाही?' तिथेच किती मुलं आपल्या हातून सुटतात!

दुसरी गोष्ट बक्षिसांची. इतकी पुस्तकं वाचली की इतके तारे, भिंतीवर तक्ता. मला हे कधीच पटलेलं नाही. लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी १९७३ साली चित्रं काढायची मुळातच आवड असलेली लहान मुलं घेतली. काहींना बक्षीस आधीच कबूल केलं. पुढे मोकळ्या वेळात याच मुलांनी चित्रं कमी काढली. वाचनाबद्दल मरिनॅक आणि गॅम्ब्रेल यांचा २००८ चा प्रयोग बघा. वाचनाचं बक्षीस म्हणून पुस्तकच दिलं तर ओढ टिकली, किरकोळ खेळणीवजा वस्तू दिल्या तर कमी झाली. मुलाला त्या बक्षिसातून आपण काय सांगतो, हे त्याला बरोबर कळतं.

सरळमार्गी

एवढं संशोधन कशाला? पूर्वी करमणूक नव्हती, लोक वाचायचे. आता आहे, वाचत नाहीत. विषय संपला.

बखरकार

@सरळमार्गी, हे 'पूर्वी' नेमकं कधीचं? अठराव्या शतकाच्या अखेरीस जर्मन भाषेत उलट ओरड होती. लोक फार वाचतात, विशेषतः बायका आणि तरुण मुलं कादंबऱ्या वाचून बिघडतात, वाचनाचं व्यसन लागलंय, अशी. आज मोबाईलबद्दल आपण जे बोलतो ते जवळजवळ तसंच पुस्तकांबद्दल बोललं गेलंय. रोल्फ एंगेलसिंग या इतिहासकाराने त्या काळाबद्दल मांडलं की लोक आधी मोजकीच पुस्तकं, बहुतेक धार्मिक, पुन्हा पुन्हा वाचत आणि मग नवनवीन मजकूर एकदाच वाचून पुढे जाऊ लागले. या मांडणीवर नंतर बरेच आक्षेप आले, पण वाचण्याची रीतच बदलत असते हे तिच्यामुळे लक्षात आलं.

आणि आवडीने, भरपूर वाचणारे लोक समाजात बहुसंख्य असणं हा नेहमीचा प्रकार नाहीच. वेंडी ग्रिसवोल्ड आणि सहकाऱ्यांनी २००५ साली 'वाचनवर्ग' ही कल्पना मांडली. एक छोटा, प्रतिष्ठित, स्वतःला पुढे चालू ठेवणारा गट. विसाव्या शतकातला काही देशांमधला सार्वत्रिक वाचनाचा काळ हा त्यांच्या मते अपवाद ठरू शकतो. मला हे वाचून वाईट वाटलं. वाचन असं वारशाने गेलं तर ते ज्यांना मिळत नाही त्यांचं काय?

दीपमाळ

बखरकार, त्या वारशाला आकडाही आहे. मरायाह इव्हान्स आणि सहकाऱ्यांनी २७ देशांची माहिती तपासली (२०१०). ५०० पुस्तकं असलेल्या घरातली मुलं, पुस्तकं नसलेल्या घरातल्या मुलांपेक्षा सरासरी ३.२ वर्षं जास्त शिकतात. आईवडिलांचं शिक्षण आणि व्यवसाय हिशोबात धरूनसुद्धा.

रेवाक्षर

दीपमाळ, बरोबर, पण हा फरक घराघरांतला झाला. माझ्या प्रश्नातली दोन्ही भावंडं त्याच ५०० पुस्तकांत वाढलीत! तिथे समाजशास्त्राचं मोजमाप थांबतं.

चष्मेबहाद्दर

अवांतर: ऑडिओबुक ऐकणं हे वाचन धरायचं का? बायको म्हणते धरायचं, मी म्हणतो नाही. घरात शांतता नांदावी म्हणून इथे निकाल लावून द्या.

धूमकेतू

नाही. आपला वेग आपण ठरवतो, मागे जातो, थांबतो, ते वाचन.

पानोपानी

हो. वहिनींच्या बाजूने एक मत.

न्यूरॉनवाली

रोगोव्स्की आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये प्रौढांचे तीन गट केले. एकाने ऐकलं, एकाने स्क्रीनवर वाचलं, एकाने दोन्ही एकदम केलं. आकलनात लक्षणीय फरक निघाला नाही. २०१९ साली जॅक गॅलंट यांच्या प्रयोगशाळेने दाखवलं की त्याच गोष्टी ऐकताना आणि वाचताना अर्थाचं काम मेंदूत जवळजवळ सारख्याच जागी चालतं. अर्थात अजून अक्षरं जुळवणाऱ्या मुलाला नुसतं ऐकून सराव होणार नाही. त्याच्यासाठी उत्तर वेगळं.

स्पर्शरेषा

मला दिसत नाही. मी ब्रेल वाचते, आणि बाकी सगळं मजकूर बोलून दाखवणाऱ्या स्क्रीन-रीडरवर, हा धागासुद्धा. वेग मी ठरवते, मागे जाते, थांबते, एखादी ओळ चार वेळा ऐकते. धूमकेतू, तुमच्या व्याख्येत मी बसते की नाही ते सांगा. मी वाचक आहे याबद्दल मला स्वतःला कधी शंका आलेली नाही. आणि माझ्यासाठी हा मोबाईलच वाचनाचं दार आहे. पूर्वी एखादं पुस्तक ब्रेलमध्ये यायची वाट बघावी लागायची, बरीचशी कधी यायचीच नाहीत. स्क्रीन विरुद्ध पुस्तक असं कोणी म्हटलं की मला ते नेहमी अर्धवट वाटतं.

धूमकेतू

बसता, पूर्णपणे बसता. वेगावर ताबा हाच माझा मुद्दा होता आणि तो तुमच्याकडे आहे.

स्क्रीनबद्दल मात्र एक नोंद. डेलगादो आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये २००० ते २०१७ दरम्यानचे ५४ अभ्यास एकत्र तपासले, १ लाख ७० हजारांहून जास्त वाचक. एकच मजकूर कागदावर वाचला तर आकलन थोडं बरं होतं, स्क्रीनवर थोडं कमी. वेळेचं बंधन असेल तर फरक वाढतो. आणि मला सर्वात जास्त खुपलेली गोष्ट, वर्षं सरली तशी लोकांना स्क्रीनची सवय झाली म्हणून फरक कमी व्हायला हवा होता, तो उलट वाढला.

रेवाक्षर

त्याच अभ्यासात निव्वळ कथात्मक मजकुरात कागदाची आघाडी दिसली नाही, हेही सांगा ना. माहितीपर मजकुरात ती दिसली. म्हणजे सगळा दोष स्क्रीनचा नाही, स्क्रीनवर आपण कसे बसतो त्याचाही आहे. भरभर खाली सरकायची सवय आपण तिथेही घेऊन जातो.

दीपमाळ

आणि स्क्रीननेच वाचक घडवल्याचंही उदाहरण आहे. ब्रिज कोठारी यांनी टीव्हीवरच्या गाण्यांना त्याच भाषेतली सबटायटल्स द्यायचा प्रयोग १९९९ पासून दूरदर्शनवर केला. गाणं पाठ असतं, ओळ खाली दिसते, शब्द रंगत जातो, डोळा आपोआप त्यावर जातो. ज्यांना अक्षरं जेमतेम येतात त्यांचा सराव होतो, आणि अभ्यास करतोय असं वाटतही नाही. माझा या कल्पनेवर फार जीव आहे. टीव्ही बंद करा असं सांगून जे लोक कधीच ऐकणार नाहीत, त्यांच्यापर्यंत ती पोचते.

आई_दोघांची

मोठी चौदा वर्षांची. दहाव्या-अकराव्या वर्षी पुस्तकात डोकं घालून बसायची, आता पूर्ण बंद. धाकटा अजून चित्रांच्या गोष्टींत आहे. मोठीचं काय चुकलं असेल? काळजी वाटते.

बखरकार

ताई, हे इतकं सर्वसाधारण आहे की जर्मन अभ्यासकांनी त्याला किशोरवयातलं वाचनसंकट म्हटलंय. वेर्नर ग्राफ यांनी विद्यार्थ्यांकडून त्यांची वाचन-आत्मचरित्रं लिहून घेतली, म्हणजे मी कधी, काय, कसं वाचत आलो. त्यात पुन्हा पुन्हा दिसतं की लहानपणीचं झपाटून वाचणं वयात येताना संपतं. काही जण तिथेच थांबतात. काहींना काही काळाने नव्या कारणाने वाचन सापडतं. कोणाला स्वतःला शोधायला, कोणाला एखाद्या विषयात घुसायला, कोणाला भाषेच्याच आनंदासाठी. अमेरिकेत जे. ए. ॲपलयार्ड यांनी १९९० च्या सुमारास असेच टप्पे मांडले. लहान मूल गोष्टीत खेळतं, मग नायक होतं, किशोरवयात जगण्याचा अर्थ शोधू लागतं. तुमच्या मुलीची नायकाची पुस्तकं संपली असतील आणि पुढची अजून सापडली नसतील.

फळाखडू

आणि ती मोबाईलवर काय वाचते तेही बघा, जप्तीसाठी नाही, कुतूहलाने. माझ्या वर्गातल्या कितीतरी मुली पानंच्या पानं चाहत्यांनी लिहिलेल्या कथा वाचतात, त्यावर प्रतिक्रिया लिहितात, पुढच्या भागाची वाट बघतात. त्यांना स्वतःला मात्र वाटतं की आपण वाचत नाही, कारण मोठ्यांच्या यादीत ते नाही. कॅथरिन शेल्ड्रिक रॉस यांनी पट्टीच्या वाचकांच्या मुलाखती घेतल्या, तेव्हा त्यांतल्या अनेकांची सुरुवात अशाच मालिकांच्या पुस्तकांनी झालेली निघाली. शिक्षक नाकं मुरडायचे त्याच पुस्तकांनी.

उडता_पतंग

इतका वेळ नुसता वाचत होतो. रेवाक्षर, तुमच्या प्रश्नातलं दुसरं भावंड मी आहे, म्हणून लिहितो.

ताई माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी. ती वाचणारी. मी शेवटची कादंबरी वाचल्याला फार काळ लोटला. मला वाचताना कष्ट पडायचे असं मुळीच आठवत नाही. मार्क बरे होते. मोबाईलचा तर प्रश्नच नव्हता, तो खूप नंतर आला.

आठवतं ते वेगळंच. ताईने पुस्तक संपवलं की बाबा विचारायचे, कसं वाटलं? मग दोघं तासन् तास बोलायचे. पाहुणे आले की 'ही आमची वाचणारी, आणि हा आमचा खेळाडू.' मी एकदा ताईचंच एक पुस्तक वाचून काढलं. बाबांना सांगितलं तर म्हणाले, 'अरे वा, आज ग्राउंडवर नाही गेलास?' त्यांच्या मनात वाईट काहीच नव्हतं. ते माझ्या प्रत्येक सामन्याला यायचे. पण मला कळलं की ही जागा ताईची आहे.

आता मी घड्याळं दुरुस्त करतो, छंद म्हणून. त्यासाठी जुन्या पुस्तिका, आकृत्या, परदेशी लोकांच्या लांबलचक चर्चा, सगळं वाचतो, रात्री उशिरापर्यंत. ते वाचन धरतात की नाही ठाऊक नाही. तिथे मला विचारणारे लोक आहेत, एवढं नक्की.

रेवाक्षर

उडता_पतंग, मनापासून आभार. ज्यासाठी धागा काढला ते तुम्ही लिहिलंत.

न्यूरॉनवाली

याला मानसशास्त्रात आधार आहे. फ्रान्सिस शॅक्टर आणि सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये लिहिलं की भावंडं, त्यातही पहिली दोन, एकमेकांपासून वेगळेपण शोधतात. एकाने घेतलेली भूमिका दुसरं सोडून देतं. कुटुंबही नकळत वाटणी करतं. वाचनाचं कौशल्य, पुस्तकं, स्क्रीन, सगळं समान असलं तरी 'वाचणारी' ही ओळख घरात एकालाच मिळते, असं होत असणार. मी वर सांगितलेल्या जुळ्यांच्या अभ्यासाशी याचं भांडण नाही. ज्याला आधी सोपं जातं त्याला ती ओळख आधी मिळते आणि मग ती पक्की होत जाते.

आणि हो, घड्याळांच्या पुस्तिका वाचन धरतात. रेश्ट आणि लेस्ली यांचा १९८८ चा प्रयोग आहे. बेसबॉलवरचा उतारा वाचायला दिला तेव्हा खेळ माहीत असलेली कच्ची वाचक मुलं, खेळ माहीत नसलेल्या पक्क्या वाचकांपेक्षा पुढे गेली. विषयाचं ज्ञान असलं की माणूस अवघड मजकूरही पार करतो.

धूमकेतू

उडता_पतंग यांचा प्रतिसाद दोनदा वाचला. मोबाईल नव्हता, वेळ होता, तरी झालं नाही, हे माझ्या बाजूला जात नाही. तरी माझा आग्रह सोडत नाही. आजच्या मुलाला बाबांनी 'कसं वाटलं' विचारायला बाबांच्या हातातला फोनही खाली ठेवावा लागेल. मुलांच्या स्क्रीनवर आपण इतके तुटून पडतो आणि मोठ्यांच्या स्क्रीनबद्दल कोणी बोलत नाही.

पानोपानी

हे मात्र पटलं. शंभर टक्के.

आई_दोघांची

हे वाचून मी थबकले. आमच्याकडेही 'मोठी हुशार वाचणारी, धाकटा मस्तीखोर' असंच म्हणतो आम्ही, त्याच्यादेखत. ते बंद. पण विचारायचं कसं? 'काय वाचलंस, काय शिकलास' असं विचारलं की तो पळतो. मोठी तर 'ठीक होतं' म्हणून खोलीत जाते.

फळाखडू

परीक्षा वाटली की दोघंही पळणार. ब्रिटनमधले एडन चेंबर्स यांनी मुलांशी पुस्तकांबद्दल कसं बोलावं यावर बरंच काम केलंय. ते चार गोष्टी विचारायला सांगतात: काय आवडलं, काय आवडलं नाही, काय कोड्यात टाकणारं वाटलं, आणि कुठे काही पुन्हा पुन्हा येतंय किंवा एकमेकांशी जुळतंय असं दिसलं का. 'का आवडलं?' असा जाब विचारायचा नाही, नुसतं 'सांग ना' म्हणायचं. मी वर्गात यातला तिसरा प्रश्न सर्वात जास्त वापरते, कारण कोड्यात पडायला हुशार असावं लागत नाही. आणि आधी आपण सांगायचं, मला अमुक ठिकाणी काही कळलंच नाही बुवा, तुला? धाकट्यापासून सुरू करा. मोठी शेजारच्या खोलीतून ऐकत असेल, तिला मुद्दाम बोलावू नका.

आई_दोघांची

बरं. मग त्याच्या माकडाच्या गोष्टीपासून सुरुवात. त्यात मला खरंच एक गोष्ट कळलेली नाही.